उरलेले नऊ भाग

कुंडीतल्या झाडावर एक अळी आली होती. आधी इतकी बारीक की पानावर काहीतरी कचरा पडलाय असं वाटलं, मग लक्षात आलं की कचरा हलतोय. त्यानंतर ती दिसामासाने नाही, जवळजवळ तासातासाने वाढत गेली. पानाची कड पायांनी घट्ट धरायची, डोकं वरून खाली न्यायचं, परत वर, परत खाली, आणि प्रत्येक फेरीत पान थोडं थोडं कमी होत जायचं, शेवटी मधली जाड शीर तेवढी उरायची आणि ती पुढच्या पानाकडे सरकायची. खाली मातीवर आणि फरशीवर तिच्या लेंड्यांचा सडा. ताज्या असल्या की हिरव्या ओलसर, दुपारपर्यंत काळ्या कडक, बोटात चुरल्या तर वाळक्या पाल्याचा वास. झाड अर्धं उघडं पडलं तरी मी तिला काढलं नाही, पुढे काय होतं ते बघायचंच होतं. आणि मग एका सकाळी एक पक्षी कठड्यावर येऊन बसला, मान तिरकी केली, झेप घेतली, अळी चोचीत, कठड्यावर दोनतीनदा आपटली, गिळली आणि गेला उडून. सगळं मिळून काही क्षणांत.

वाईट वाटलंच. पण टोचत राहिलं ते वेगळंच.

एवढी पानं होती ती. त्या पानांनी कितीतरी दिवस ऊन साठवलेलं, अळीने दिवसरात्र राबून ते स्वतःच्या अंगात भरलेलं, आणि हे सगळं पक्ष्याचा एक घास. तो पक्षी थोड्याच वेळात परत भुकेला होऊन दुसऱ्या झाडावर शोधाशोध करायला लागला असणार. मग मधलं सगळं गेलं कुठे? शाळेत आपण सगळ्यांनीच ते चित्र काढलंय, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार आणि मधे बाण. पिरॅमिड पण काढलाय, आणि शेजारी लिहिलंय की प्रत्येक पायरीला फक्त १० टक्के ऊर्जा वर जाते. तेवढं लिहिलं की मार्क मिळायचे, उरलेल्या ९० टक्क्यांचं काय होतं हे प्रश्नपत्रिकेत यायचंच नाही. ती अळी गेल्यापासून मात्र माझ्या डोक्यात ते नऊ भागच फिरतायत, वर पोचलेला एक भाग मला आता तितकासा इंटरेस्टिंग वाटत नाही.

ह्या प्रश्नाचा माग काढत गेले की फ्लोरिडातल्या एका झऱ्यापाशी यावंच लागतं. सिल्व्हर स्प्रिंग्ज. पाणी इतकं नितळ की तळाला काच बसवलेल्या बोटींतून लोक आतलं पाणगवत आणि मासे बघत फिरतात. वर्षभर पाण्याचं तापमान जवळपास सारखंच, प्रवाहही फारसा बदलत नाही, म्हणजे मोजायला बसणाऱ्याला निसर्गानेच मांडून ठेवलेली प्रयोगशाळा. १९५०च्या दशकात हॉवर्ड ओडम हे पर्यावरणशास्त्रज्ञ तिथे मोजायला बसले. दिवसा आणि रात्री पाण्यातला ऑक्सिजन किती बदलतो ते मोजलं, पाणगवत आणि त्याच्या पात्यांवर चढलेला शेवाळाचा थर मोजला, गोगलगायी, कासवं, मासे, सगळं. आणि १९५७ मध्ये त्या पूर्ण झऱ्याचा ऊर्जेचा हिशोब मांडला. एका चौरस मीटरवर वर्षभरात साधारण १७,००,००० किलोकॅलरी एवढं ऊन पडतं. त्यातलं वनस्पतींनी शोषलं ४,१०,०००. त्यातून अन्न म्हणून बांधलं गेलं २०,८१०. शाकाहारी जिवांपर्यंत पोचलं ३,३६८. त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३. आणि सगळ्यात वरच्या मोठ्या माशांपर्यंत पोचलं २१.

सतरा लाखांतून एकवीस.

मी हे आकडे कितीतरी वेळा वाचले असतील, आणि दरवेळी मला ते २१ आधी दिसायचे. त्यातच सगळं नाट्य आहे असं वाटायचं. ह्या वेळी नजर दुसऱ्याच आकड्यावर अडकली, ११,९७७ वर. वनस्पतींनी जे २०,८१० कमावलं त्यातलं ११,९७७ त्यांनी स्वतःच खर्च केलं, कुणी एक घास खायच्याही आधी. निम्म्याहून जास्त. आपण झाडाकडे बघतो तेव्हा ते नुसतं उभं आहे, वाऱ्याने हलतंय, त्यापलीकडे काही चाललंय असं वाटत नाही. पण आत सतत काम चालू असतं, मुळांतून क्षार ओढायचे, मोडलेली प्रथिनं दुरुस्त करायची, साखर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवायची, आणि हे सगळं रात्री ऊन नसतानाही, दिवसा केलेल्या कमाईवर. ओडमना रात्री पाण्यातला ऑक्सिजन घटताना दिसायचा तो ह्याच्यामुळे, सगळा झरा अंधारात श्वास घेत होता. गवत, शेवाळ, मासे, चिखलातले जीवाणू, सगळे एकदमच. म्हणजे पहिला मोठा खर्च कुठल्याही वाघसिंहाच्या पायरीवर होत नाही, तो पानाच्या आतच होतो. पान हे दुसऱ्यासाठी वाढून ठेवलेलं ताट नाही, त्याला आधी स्वतः जगायचंय.

तो १०चा आकडाही तितका सरळ नाही. पायऱ्या पाडून ऊर्जा मोजायची ही कल्पना ज्याने पक्की मांडली तो रेमंड लिंडमन, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या लहानशा, उथळ, गाळाने भरत चाललेल्या तळ्यावर त्याने काही वर्षं काढली. पाण्यातले किडे, अळ्या, गाळातले जीव, सगळं गोळा करायचं, वजन करायचं, त्याच्या कॅलरी काढायच्या, बायको एलेनॉरही त्याच्यासोबत कामाला असायची. त्याच्या तळ्यात उन्हातलं ०.१ टक्के वनस्पतींनी पकडलं होतं, त्यातलं १३.३ टक्के शाकाहारींकडे, आणि त्यातलं २२.३ टक्के मांसाहारींकडे. दहा कुठेच नाही. दहा ही नंतर बऱ्याच जागांचे आकडे बघून काढलेली सरासरी, कुठे ५ येतात, कुठे २०. त्याचा पेपर आधी नाकारला गेला, एवढ्याशा माहितीवर एवढा मोठा सिद्धांत कसा मांडता असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. मग त्याचे मार्गदर्शक एव्हलिन हचिन्सन यांनी संपादकांना लिहिलं, बाजू मांडली आणि पेपर स्वीकारला गेला. तो छापून आला १९४२च्या ऑक्टोबरमध्ये. लिंडमन त्याच वर्षी जूनमध्ये लिव्हरच्या आजाराने गेला होता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात. मला ह्या माणसाबद्दल वाचताना नेहमी काहीतरी आत हलतं. ज्याच्या स्वतःच्या शरीरात ऊर्जेचा हिशोब बिघडत चालला होता तो तळ्यातल्या किड्यांच्या श्वासाचा हिशोब इतक्या मन लावून करत होता.

आता अळीकडे. पान आणि अळी ह्यांच्यामध्ये गळती तीन जागी होते. पहिली, जे खाल्लंच गेलं नाही ते, म्हणजे मधली शीर, देठ, खोड, मुळं. दुसरी, खाल्लं पण पचलं नाही ते, ह्याचा सडा मी रोज फरशीवर बघत होते. पान पचायला अवघड असतं, सेल्युलोज, लिग्निन आणि झाडाने मुद्दाम भरलेली कडू रसायनं, त्यामुळे पानं खाणाऱ्या अळ्यांच्या पोटातून बऱ्याचदा निम्म्याहून जास्त तसंच बाहेर पडतं. मांस खाणाऱ्यांचं तसं नसतं, त्यांचं जेवण बरंचसं त्यांच्यासारखंच असतं, म्हणून ८० टक्क्यांच्या आसपास पचून जातं. आणि तिसरी गळती म्हणजे पचलेलं असूनही अंगात राहत नाही ते. श्वसन. इथे मात्र अळी आणि पक्षी ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. किडे पचलेल्या ऊर्जेतली साधारण ४० टक्केपर्यंत स्वतःचं अंग वाढवायला वापरू शकतात. पक्ष्यांमध्ये हे प्रमाण १-२ टक्के. फक्त! उरलेले ९८ अंग गरम ठेवण्यात, उडण्यात, गाण्यात, पिल्लांसाठी खेपा घालण्यात जातात.

हे कळलं तेव्हा मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. खिडकीच्या काचेवर आपटून एक छोटा पक्षी खाली पडला होता आणि तो मी ओंजळीत उचलला होता. वजन असं काही नव्हतंच, पिसं काढली तर आत काय उरेल असं वाटावं इतका हलका, पण गरम किती! ताप आलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावल्यासारखं. पक्ष्यांचं नॉर्मल तापमानच ४० ते ४२ अंश असतं हे तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं की हा मरायला टेकलाय. छातीची धडधड वेगवेगळी मोजताच येत नव्हती, नुसता एक सलग थरथराट तळहाताला जाणवत होता. डोळे अर्धे मिटलेले, चोच किंचित उघडी. मग त्याने डोळे उघडले, माझ्या बोटावर नखं रोवून नीट बसला आणि गेला. हातावर थोडा वेळ ती ऊब राहिली होती, मग तीही गेली.

आज वाटतं की ते हरवलेले नऊ भाग मी तेव्हा हातात धरले होते.

कारण पुस्तकात ज्याला आपण गळती म्हणतो, तोटा म्हणतो, ते दुसरं काय असतं? ती थरथर, ते गरम अंग, ती झेप, मान तिरकी करून नेम धरणं. जी ऊर्जा वरच्या पायरीला पोचते ती म्हणजे त्या जिवाचं फक्त मांस, जे त्याच्या मेल्यावर दुसऱ्याच्या उपयोगाला येतं. आणि जी पोचत नाही, ती त्याचं आयुष्य. पिरॅमिड शिकारी प्राण्याच्या बाजूने काढलेला आहे, त्याला काय मिळालं एवढंच त्यात दिसतं. अळीच्या बाजूने बघितलं तर तिच्या पेशींमध्ये जळलेला प्रत्येक कण हे तिचं कात टाकणं होतं, पानावरून पानावर जाणं होतं. ते पक्ष्यापर्यंत पोचलं नाही ह्यात तिचं काहीच गेलं नाही, उलट तेवढंच तिचं तिला मिळालं. ज्याला आपण कार्यक्षमता म्हणतो तिचा अर्थही मग वेगळा दिसायला लागतो, अंग थंड ठेवून पडून राहणारा अजगर एका मोठ्या जेवणावर महिनोन्‌महिने काढू शकतो आणि चिचुंद्रीच्या कुळातले सगळ्यात छोटे प्राणी रोज जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं खातात, काही तास खायला मिळालं नाही तर मरतात. हिशोबाने अजगर शहाणा. पण चिचुंद्रीला थंडीतल्या रात्री पळता येतं, अजगराला नाही. दोघांनी आपापली ऊर्जा आपापल्या पद्धतीने जगण्यावर घालवली आहे, कुणाची फुकट गेली असं मला म्हणवत नाही.

अर्थात ह्याच गळतीमुळे वरच्यांची गर्दी होत नाही. १९२१ साली चार्ल्स एल्टन हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी स्पिट्सबर्गेनला गेला, उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या बर्फाळ बेटांवर. तिथे जातीच इतक्या कमी की कोण कुणाला खातं हे खरोखर बसून शोधता येत होतं. त्याने आणि व्हिक्टर समरहेज यांनी १९२३ मध्ये तिथल्याच बेअर आयलंडचं जे अन्नजाळं छापलं त्यात सरळ साखळी शोधूनही सापडत नाही, बाण एकमेकांना छेदत सगळीकडे जातात. आर्क्टिक कोल्ह्याचंच बघा, उन्हाळ्यात पक्षी खातो, हिवाळ्यात ध्रुवीय अस्वलाच्या मागेमागे फिरून त्याने टाकलेले सीलचे अवशेष खातो, अस्वलाची विष्ठासुद्धा. कोल्हा नक्की कुठल्या पायरीवर? कुठल्याच नाही, तो जाळ्यात आहे. पुढे १९२७ मध्ये एल्टननेच संख्येचा पिरॅमिड मांडला, खाली लहान आणि पुष्कळ, वर मोठे आणि मोजके. ते मोजके किती मोजके, ह्याचा एक आकडा २००२ मध्ये क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी काढला, १०,००० किलो भक्ष्य असेल तर साधारण ९० किलो शिकारी जगू शकतो, मग तो मुंगसाएवढा असो की वाघाएवढा. म्हणून साखळ्या चारपाच कड्यांतच संपतात. वाघांवर पोट भरणारा प्राणी का नाही ह्याचं कारण कुणाची भीती हे नाहीये, तेवढे वाघच नाहीत. त्याला एका जेवणानंतर दुसऱ्या जेवणासाठी इतकं चालावं लागेल की चालण्यातच पहिलं जेवण संपेल. आणि आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, ब्लू व्हेल, ह्या शिडीवर चढायच्या भानगडीतच पडला नाही, बोटाच्या पेरांएवढे, कोळंबीसारखे क्रिल तोंड भरभरून खातो. शेवाळ, क्रिल, व्हेल. संपली साखळी. एवढं मोठं अंग पोसायचं तर उन्हाच्या जवळच राहावं लागतं.

ह्याच गणिताची एक बाजू मला नीट झोपू देत नाही. जी गोष्ट जळते ती प्रत्येक पायरीला कमी होते, हे झालं. पण जी जळतच नाही ती? कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकवर चिलटांचा त्रास होता म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये पाण्यात डीडीडी नावाचं कीटकनाशक टाकलं, डीडीटीचं भावंड. प्रमाण अगदी नगण्य वाटावं असं, नंतरच्या दोन वेळा ५ कोटी भाग पाण्याला १ भाग. मग तिथले ग्रीब नावाचे पाणपक्षी मरायला लागले. त्यांच्या चरबीत सापडलं १,६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १,६०० भाग, पाण्यातल्यापेक्षा हजारो पट. कुणी ते मुद्दाम त्यांना घातलं नव्हतं. छोट्या जिवांनी शेवाळ खाल्लं, खाल्लेल्यातला बहुतेक भाग जगण्यात जाळला, पण विष जळत नाही, ते चरबीत बसून राहिलं. मग माशांनी त्या जिवांना ढिगाने खाल्लं, पुन्हा अन्न जळलं, विष राहिलं. मग ग्रीब. वरच्या पायरीवर एक किलो अंग तयार होण्यासाठी खालचे कितीतरी किलो लागतात, आणि त्या प्रत्येक किलोने आपलं विष वर ढकललेलं असतं. पिरॅमिड तोच, पण ऊर्जा वर निमुळती होत जाते आणि विष फुगत जातं. वर असण्याची ही किंमत आहे, आणि ती त्या पक्ष्यांनी मागितलेली नव्हती.

माणसाचं काय, हा प्रश्न येतोच. जमिनीवरची झाडंझुडपं वर्षाला जेवढी वाढू शकतात त्यातला साधारण २४ टक्के वाटा माणूस आपल्याकडे वळवतो असा एक अंदाज २००७ मध्ये आला होता, शेती, चराई, लाकूड, जाळलेली रानं, बांधकामाखाली गेलेली जमीन सगळं धरून. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनाचा हिशोब झाला, त्यात पाळीव जनावरं ६० टक्के, माणसं ३६ आणि बाकीचे, म्हणजे हत्ती, हरणं, वटवाघळं, उंदीर, समुद्रातले सगळे व्हेल, मिळून ४. हे वाचून मी बराच वेळ नुसतीच बसून होते. ऊन तर वाढलेलं नाही. आपण जे घेतो ते कुणाच्या तरी थरथरीतून, कुणाच्या तरी उबेतून घेतो. मला अपराधी वाटतं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही, मला जगायचंय, माझ्या माणसांनी जगावं असं वाटतं, आणि शांत बसलेलं माणूससुद्धा साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. तेवढं लागतंच. पण चार टक्के. हा आकडा गिळता येत नाही.

ह्या सगळ्यात पिरॅमिडमध्ये जे दिसतच नाहीत ते राहिले. कुजवणारे. सिल्व्हर स्प्रिंग्जच्या हिशोबात शाकाहारींकडे ३,३६८ गेले होते ना, तिथेच विघटकांकडे ५,०६० गेले होते. म्हणजे जिवंत खाणाऱ्यांपेक्षा मेलेलं खाणाऱ्यांचा वाटा मोठा. जंगलात तर हे अजून जास्त, पानांचा फार थोडा भाग, साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास जिवंतपणी खाल्ला जातो, बाकी सगळं पिकून गळून खाली येतं आणि बुरशी, जीवाणू, गांडुळं, वाळवी, पैसाकिडे ह्यांच्या हाती पडतं. आपण हरिण आणि वाघ बघायला जंगलात जातो, आणि जंगलातला मुख्य व्यवहार आपल्या चपलेखाली चाललेला असतो. जॉन टील यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रूट स्प्रिंग नावाच्या एका इवल्याशा झऱ्याचा हिशोब छापला, त्यात दिसलं की तिथल्या जिवांची तीन चतुर्थांश ऊर्जा झऱ्यात तयारच होत नव्हती, ती काठावरच्या झाडांच्या गळलेल्या पानांतून येत होती. आख्खं जाळं पाचोळ्यावर जगत होतं.

पाचोळ्याच्या मोठ्या ढिगात एकदा मी कोपरापर्यंत हात घातला होता. वरची पानं कोरडी, कुरकुरीत, त्याखाली ओला थर, पानं एकमेकांना चिकटलेली, मधे पांढऱ्या बुरशीच्या तारा, आणि अजून आत गेल्यावर एकदम गरम. हात पटकन मागे घ्यावा इतकं. पावसानंतरच्या मातीचा आणि काहीतरी आंबल्याचा मिळून वास. अशा ढिगाच्या पोटात ५५-६० अंशांपर्यंत तापमान सहज जातं, आणि ती उष्णता बाहेरून येत नाही, लाखो-करोडो जीवाणू पानं खाताना जो श्वास घेतात त्याचीच असते ती. ह्या सगळ्याला आपण निर्जीव कचरा म्हणतो आणि तो आत तापलेला असतो. पक्ष्याच्या छातीत आणि त्या ढिगात मला जे लागलं ते एकच होतं, कधीतरी पानांवर पडलेलं ऊन.

समुद्रात तर पिरॅमिडच उलटा दिसू शकतो. पृथ्वीवर एका वर्षात जेवढं नवं सेंद्रिय द्रव्य तयार होतं त्यातलं जवळपास निम्मं समुद्रात होतं, आणि ते करणारे सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे जीव, सगळ्या वनस्पतींच्या वजनात एक टक्काही भरत नाहीत. ते काही दिवसच जगतात, दुप्पट होतात, खाल्ले जातात, परत दुप्पट होतात. एखाद्या क्षणी तराजूत टाकले तर खाणारे जास्त आणि खाद्य कमी असं दिसेल, पण ऊर्जा मोजली की पिरॅमिड सरळच येतो, तो कधी उलटा होत नाही. जे तिथे खाल्लं जात नाही ते मेलेलं प्लवक, विष्ठेचे गोळे, तुकडे असं सगळं मिळून भुरभुरत खाली जात राहतं, ज्याला मरीन स्नो म्हणतात, आणि खालच्या काळोखात सगळे त्याच्यावर जगतात. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ साधारण अडीच किलोमीटर खोलीवर ॲल्विन पाणबुडीतून गेलेल्या लोकांना गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जिवांची गर्दी सापडली, ट्यूबवर्म नावाचे जाड लांब किडे, ज्यांना ना तोंड ना आतडं, अंगात जीवाणू पाळलेले, आणि ते जीवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर अन्न बनवतात. उन्हाशिवाय चालणारं जग म्हणून ह्याची फार चर्चा झाली, आणि ते थरारक आहेच. पण ते सल्फाइड वापरायला त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कधीतरी वरच्या उजेडात कुठल्यातरी प्लवकाने सोडलेला असतो. तिथपर्यंतही ऊन वेगळ्या वाटेने पोचलंच.

एवढं सगळं वाचून, आठवून मी माझ्याच प्रश्नाकडे परत येते, मधलं सगळं गेलं कुठे. जगण्यात गेलं आणि उष्णता होऊन बाहेर पडलं, पानातून, अळीतून, पक्ष्यातून, तिच्या लेंड्या खाणाऱ्या बुरशीतून, आणि शेवटी पृथ्वीवरून अवकाशात. कार्बन राहतो, फिरतो, अळीच्या श्वासातला कार्बन परत कुठल्या तरी पानात बसलेला असू शकतो. नायट्रोजन, फॉस्फरस तसेच. ऊर्जेचं तसं नाही, तिला परतीची वाट नाही. जिथे श्वास घ्यायला ऑक्सिजनच नव्हता, दलदलीत, गाळाच्या तळाशी, तिथे थोडंसं न जळता अडकून पडलं, लिंडमनचं तळंही असंच भरत चाललं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलींमधलं तेच आज आपण कोळसा म्हणून काढतो आणि दोनतीनशे वर्षांत जाळून टाकतोय. ते अपवाद सोडले तर मागचं जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, सगळं कुणी ना कुणी जगून टाकलेलं असतं, आणि म्हणूनच सिल्व्हर स्प्रिंग्जच्या त्या एका चौरस मीटरला दरवर्षी परत नवे सतरा लाख लागतात.